जुन्या पॉप गाण्यांची मेडली: सांधा समेवर कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सत्तर-ऐंशीच्या दशकांतली दहा इंग्रजी पॉप-डिस्को गाणी एका ठेक्यावर ओवून सात मिनिटांची नाचायची मेडली करायची आहे. सगळी गाणी १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) आणली, खाली हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतातली किक (मोठ्या ड्रमचा ठोका) लावली. पण अर्ध्या मिनिटात किक आणि गाण्यातला ड्रम फाटतो, काही गायकांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येतो, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना नाचणाऱ्यांचा पाय अडखळतो. काय चुकतंय?

तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. पण १२४ हा आकडा आधी ठरवून गाणी त्यात कोंबली, तिथून सुरुवात झाली. लय गाण्यांना विचारून ठरवायची असते.

हा प्रकार ज्या तबकडीने जगभर नेला तिची गोष्ट इथे उपयोगाची आहे. १९८१ साली नेदरलँड्समध्ये 'स्टार्स ऑन ४५' निघाली. विलेम फान कोटेन या डच प्रकाशकाला परवानगीशिवाय छापलेली एक १२ इंची मेडली दुकानात ऐकू आली, आणि तिच्यात शॉकिंग ब्ल्यू या बँडचं 'व्हीनस' होतं, ज्याचे हक्क त्याच्याकडेच होते. मग अधिकृत मेडली करायचं ठरलं आणि ते काम याप एगरमाँट या निर्मात्याकडे गेलं. हा मूळचा 'गोल्डन इअरिंग' बँडचा ड्रमर. त्याने मूळ रेकॉर्डिंग कापून चिकटवली नाहीत. बीटल्ससारखा आवाज काढणारे गायक बोलावले आणि सगळं पुन्हा गाऊन घेतलं. त्यामुळे लय त्याची, पट्टी त्याची, प्रत्येक तुकड्याची लांबी त्याची. खाली एकच किक आणि टाळी अखंड चालू ठेवता आली ती यामुळे. १९८९ साली इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या 'जाइव्ह बनी'ने दुसरा रस्ता धरला: ग्लेन मिलरच्या 'इन द मूड'च्या धाग्यात जुन्या रॉक अँड रोलचे तुकडे ओवले. ती तबकडी ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. तुम्ही या दुसऱ्या रस्त्याने चालला आहात, तेव्हा लय आणि पट्टी तुमच्या हातात पूर्णपणे नाही, हे धरूनच आखणी करायची.

आधी लय. 'डान्सिंग क्वीन' सुमारे १०१ बीपीएमचं आहे. ते १२४ ला नेणं म्हणजे जवळजवळ २३ टक्के वेग वाढवणं. तबकडी जोरात फिरवल्यासारखं केलं तर सूर साडेतीन सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढतो आणि आवाज पोरकट होतो. सूर जागेवर ठेवून ताणलं तर सॉफ्टवेअरला ध्वनीचे बारीक तुकडे करून मधले गाळावे लागतात, आणि तेच तुम्हाला पाण्यातून आल्यासारखं ऐकू येतं. झांजेची किणकिण आणि 'स', 'श' हे उच्चार सगळ्यांत आधी फाटतात. संपूर्ण गाणं ताणायचं असेल तर ४-५ टक्क्यांपर्यंत बहुतेकांना कळत नाही. ८ टक्क्यांपर्यंत काळजीने निभावतं. त्यापुढे कितीही चांगलं सॉफ्टवेअर असलं तरी गाण्याचा जीव जातो.

म्हणून गाण्यांच्या मूळ लयी कागदावर लिहा आणि त्यांचे दोन गट पाडा. या काळातल्या नाचगाण्यांत हे गट बहुतेक वेळा आपोआप पडतात: एक १०१ ते १११ चा ('डान्सिंग क्वीन', 'स्टेइंग अलाइव्ह', शिकचं 'गुड टाइम्स', क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट'), दुसरा ११५ ते १२६ चा ('हार्ट ऑफ ग्लास', 'बिली जीन', 'डॅडी कूल', 'स्वीट ड्रीम्स'). पहिला गट १०६ वर ठेवा, दुसरा १२० वर. मग एकाही गाण्याला ५ टक्क्यांहून जास्त ताण पडत नाही. १०६ ची लय नाचायला संथ वाटेल ही भीती सोडा. तिथे किकपेक्षा बेसची चाल लोकांना नाचवते.

दोन गटांच्या मधे आठ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) फक्त ड्रमचे ठेवा आणि त्यात लय १०६ वरून १२० वर चढवा, दर बारला पावणेदोन बीपीएम. गाणं चालू असताना लय चढवली तर घाई झाल्यासारखी वाटते. नुसत्या ड्रमवर चढवली की उत्साह वाढल्यासारखी वाटते.

लांबीचा हिशेब असा बसतो. सुरुवात ८ बार, पहिल्या गटातली चार गाणी प्रत्येकी १६ बार, त्यांच्यात दोन-दोन बारांचे तीन सांधे: ७८ बार, १०६ च्या लयीत सुमारे १७७ सेकंद. चढणीचे ८ बार १७ सेकंद. दुसऱ्या गटातली सहा गाणी प्रत्येकी १६, पाच सांधे, शेवट ८: ११४ बार, १२० च्या लयीत बरोबर २२८ सेकंद. एकूण सात मिनिटं आणि वर एक-दोन सेकंद. १६ बार म्हणजे एक मुखडा आणि त्याच्या आधीची चढण. ओळख पटायला आणि एकदा सोबत गायला तेवढं पुरतं. आठच बार दिले तर लोक ओळखतात आणि गायला तोंड उघडेपर्यंत गाणं जातं.

आता किक का फाटते. त्या काळातली बरीच गाणी ड्रमरने हाताने वाजवलेली आहेत, आणि तो मुखड्याला थोडा पुढे जातो, अंतऱ्याला मागे येतो. सॉफ्टवेअर त्या गाण्याची एक सरासरी लय सांगतं. ती सरासरी ०.१ बीपीएमने चुकली तरी १२० च्या लयीत अर्ध्या मिनिटात २५ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि तेवढ्या अंतरावर एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू यायला लागतात. ०.५ ने चुकली तर मिनिटभरात अर्धी मात्रा सरकते. तुमचं 'अर्ध्या मिनिटात' हे निरीक्षण म्हणूनच इतकं अचूक आहे. 'स्टेइंग अलाइव्ह' त्यातल्या त्यात सरळ बसतं, कारण त्याचा ड्रम 'नाइट फीव्हर'च्या रेकॉर्डिंगमधले दोन बार टेपवर गोल फिरवून तयार केलेला आहे. डोना समरचं 'आय फील लव्ह' सीक्वेन्सरवर चालतं, तेही सरळ. बाकीच्यांना खुणा मारून बसवावं लागतं.

खुणा मारण्याची पद्धत: गाण्यातली पहिली ठळक किक शोधा, लाटेचं चित्र मोठं करून ठोका जिथे उठतो तिथे पहिली खूण ठेवा. ठोक्याच्या शिखरावर ठेवू नका, तिथे काही मिलिसेकंद उशीर झालेला असतो. मग दर चौथ्या बारच्या समेवर एक खूण. मेट्रोनोम लावून ऐका. जिथे फाटतं तिथेच मधे आणखी खूण द्या, बहुतेक ती ड्रमच्या उठावाजवळ लागते. प्रत्येक मात्रेवर खूण मारण्याचा मोह होतो. तो टाळा. शिकच्या गाण्यातली गिटार ठोक्याच्या किंचित इकडेतिकडे आहे म्हणून ती नाचवते. ती सरळ रेषेत आणली की गाणं मोबाइलच्या रिंगटोनसारखं होतं. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण गाण्यासाठी 'कॉम्प्लेक्स प्रो', सुट्या ड्रमसाठी 'बीट्स' ही पद्धत निवडा. रीपरमध्ये 'इलास्टिक प्रो' हेच काम करतं.

खुणा मारताना बार मोजत चला. जुन्या पॉपमध्ये चार मात्रांच्या हिशेबाला न जुमानणाऱ्या जागा असतात. 'हार्ट ऑफ ग्लास'च्या मधल्या वाद्यखंडात सात मात्रांचं आवर्तन येतं. खाली चार मात्रांची किक चालू राहिली तर टाळी उलटी पडते आणि पुढचं सगळं गाणं उलटं चालतं. अशी जागा कापून टाका. ती वाचवण्यात शहाणपण नाही. गाणं दादऱ्याच्या अंगाने झुलणारं असेल, म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडत असतील, तर त्याच्याखाली सोळा भागांचा हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी) लावू नका. तिथे फक्त किक आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी, बाकी जागा गाण्याला मोकळी सोडा.

सगळ्यांत जास्त वेळ सांध्यांवर द्या, कारण मेडली तिथेच जमते किंवा बिघडते. आपल्या संगीतातला मुखडा आठवा: शब्द समेच्या आधी उचलतात आणि सम नेमक्या अक्षरावर पडते. पॉपची पुष्कळ गाणी अशीच उचलतात. मुखड्याचे पहिले दोन-तीन शब्द आदल्या बारच्या तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर असतात. तुम्ही बारच्या रेषेवर कात्री चालवली की ते शब्द कापले जातात आणि गाणं मधूनच सुरू झाल्यासारखं वाटतं. पाय अडखळतो तो यामुळे. म्हणून येणाऱ्या गाण्याची उचल जाणाऱ्या गाण्याच्या शेवटच्या बारवर चढली पाहिजे, आणि जाणाऱ्या गाण्याने त्या दोन मात्रांसाठी गप्प बसलं पाहिजे. दोन आवाज एकाच वेळी शब्द उच्चारत असतील तर सांधा कधीच स्वच्छ होत नाही.

कृती अशी. जाणाऱ्या गाण्याचं शेवटचं अक्षर ज्या मात्रेवर संपतं तिथे त्याचा आवाज तोडा, पण तोडण्याआधी त्या अक्षराला पाऊण मात्रेचा प्रतिध्वनी द्या, १२० च्या लयीत ३७५ मिलिसेकंद. प्रतिध्वनीतला १५० हर्ट्झखालचा आणि ५ किलोहर्ट्झवरचा भाग कापा, नाहीतर तो पुढच्या गाण्याच्या अंगावर येतो. शेवटच्या बारची किक काढून टाका, फक्त टाळी ठेवा. त्या मोकळ्या जागेत नव्या गाण्याची उचल सोडा. समेवर किक आणि नव्या गाण्याचा बेस एकदम आले पाहिजेत. 'डान्सिंग क्वीन'च्या सुरुवातीला पियानोवर जी लांब सरसर येते ती या कामासाठी देणगीच आहे. ती आदल्या गाण्याच्या शेवटच्या बारवर अशी ठेवा की तिचं टोक समेवर उतरेल. मग दुसरा कोणताही उठाव लागत नाही. प्रत्येक सांध्याला बनवलेली सूंऽऽ करत चढणारी लाट लावायची सवय मात्र सोडा. दहा गाण्यांत नऊ लाटा आल्या की तिसरीनंतर कान त्यांची वाट पाहायला लागतो आणि गाण्याची मजा कमी होते.

सांध्यात पट्टीही बघावी लागते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर एकाच पट्टीतून त्याच पट्टीत, किंवा सा वरून म ला किंवा प ला सा मानणाऱ्या पट्टीत गेलं की कानाला खटकत नाही. पांढरी सहाच्या मेजरमधून पांढरी दोन किंवा पांढरी तीनच्या मेजरमध्ये जाणं सोपं. मेजर आणि त्याची जोडीची मायनर, म्हणजे पांढरी एकची मेजर आणि पांढरी सहाची मायनर, यांचे स्वर तेच असतात, तीही वाट मोकळी. एक सेमीटोन वर जाणं धाडसाचं आहे, पण मधे एक बार फक्त ड्रम दिला तर तो चढ छान लागतो. खाली मात्र एक सेमीटोन उतरू नका. नाचणाऱ्यांचा उत्साह तिथे हमखास पडतो. क्रम ठरवताना लयीच्या गटातल्या गटात पट्ट्या जुळवा. सूर बदलायचाच असेल तर एका सेमीटोनपर्यंत थांबा. ५ ते ६ टक्क्यांचा वेगबदल असेल तर त्याच्यासोबत सूरही सरकू द्यावा, तबकडीवर सरकतो तसा. ५.९ टक्के म्हणजे जवळपास नेमका एक सेमीटोन. सूर आणि वेग एकत्र बदलले की ध्वनीचे तुकडे करावे लागत नाहीत आणि ड्रम टणक राहतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टेपच्या वेगातल्या फरकामुळे जुनी गाणी पेटीच्या पट्टीवर अचूक नसतात, २०-३० सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) इकडेतिकडे सापडतात. नुसतं एकामागून एक लावायचं असेल तर चालतं. पण एकाचा आवाज दुसऱ्याच्या वाद्यांवर ठेवायचा असेल तर ते बेसूर लागतं आणि कारण कळत नाही. बेसचा एक लांब स्वर ट्यूनरवर पाहा आणि तेवढे सेंट भरून काढा.

अशी चढवाचढव एखाद्या ठिकाणी जरूर करा. 'गुड टाइम्स' आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' यांच्या लयीत फार तर एका बीपीएमचा फरक आहे, दोन्ही पांढरी तीनच्या मायनरमध्ये आहेत, आणि दोन्हींची ओळख बेसच्या चालीत आहे. ग्रँडमास्टर फ्लॅश या अमेरिकी डीजेने १९८१ च्या आपल्या तबकडीत इतर गाण्यांबरोबर ही दोन्हीही जोडली, तबकड्या हाताने फिरवून. नियम एकच पाळा: बेस एका वेळी एकाचाच. दोन बेस एकत्र वाजले की खालचा भाग चिखल होतो.

यासाठी गाण्याचे स्टेम, म्हणजे सुटे भाग, वेगळे काढावे लागतील. डीमक्स किंवा अल्टिमेट व्होकल रिमूव्हर ही मोफत साधनं गायन, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार भाग काढून देतात. मूळ लयीत असतानाच वेगळे करा, ताणणं नंतर. विकत घेतलेली वेव्ह किंवा फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) फाइल वापरा. व्हिडिओवरून उतरवलेल्या ध्वनीत वरचा भाग आधीच खाल्लेला असतो आणि वेगळं करताना तो आणखी विस्कटतो. वेगळ्या काढलेल्या गायनात हाय-हॅटची कुजबुज उरतेच. तुमचा नवा हाय-हॅट तिच्यावर नेमका बसवला की ती झाकली जाते. पण हेच गायन ड्रमशिवाय उघडं टाकलं तर सगळे दोष बाहेर पडतात. शांत जागेसाठी नेहमी मूळ अखंड गाणं वापरा.

किकबद्दल. गाण्यात आधीच एक किक आहे, ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास, आणि तुमचीही तिथेच. दोन्ही एकमेकींना कधी दुप्पट करतात, कधी खोडतात, त्यामुळे एक ठोका छातीत लागतो आणि दुसरा गायब होतो. ड्रमचा स्टेम वेगळा असेल तर तो १२० हर्ट्झखाली कापा आणि बेसचा स्टेम तसाच ठेवा. अखंड गाणं असेल तर ८० च्या आसपास कापा, त्याहून वर गेलात तर बेसची चाल पातळ होते. मग किक वाजताना गाणं ३-४ डेसिबल दबेल असा साइडचेन लावा, सुटायचा वेळ १२० ते १८० मिलिसेकंद. १२० च्या लयीत अर्धी मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, तोवर गाणं परत वर आलेलं असायला हवं. हाऊसमध्ये दाबतात तितकं दाबू नका. इथे लोक जुनं गाणं ऐकायला आलेत. शेवटी किकची फेज (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा आणि ज्या बाजूला खालचा भाग भरीव लागेल ती ठेवा.

आवाजाची पातळी सगळ्यात आधी सारखी करा, शेवटी नाही. १९७७ ची तबकडी आणि तिचीच अलीकडची रीमास्टर आवृत्ती यांच्यात कितीतरी डेसिबलचा फरक असतो. सगळी गाणी -१६ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणून मगच कामाला लागा. जुन्या गाण्यांचा खालचा आणि वरचा भाग हलका असतो, तिथे एक-दोन डेसिबल पुरतात. सगळी एकाच रंगाची करू नका. प्रत्येक गाण्याच्या स्टुडिओचा वास मागे राहिला तर मेडलीत प्रवास केल्यासारखं वाटतं. हॉलसाठी अंतिम पातळी -९ च्या आसपास, शिखर -१ डेसिबलच्या आत. इंटरनेटसाठी वेगळी, मऊ प्रत काढा.

परवानगीचं थोडक्यात. प्रत्येक गाण्यात दोन हक्क असतात: रेकॉर्डिंगचा आणि शब्द-चालीचा. मूळ तुकडे वापरले की दोन्ही लागतात. पुन्हा गाऊन घेतलं तर रेकॉर्डिंगचा लागत नाही, शब्द-चालीचा लागतोच. 'स्टार्स ऑन ४५'च्या अमेरिकी तबकडीवर प्रत्येक गाण्याचं नाव छापावं लागलं, म्हणून तिचं शीर्षक ४१ शब्दांचं झालं. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या ३१ सी कलमाखाली पुन्हा गाऊन आवृत्ती काढायला पूर्वसूचना आणि आगाऊ मानधन द्यावं लागतं, आणि मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं लोटलेली असावी लागतात. मूळ तुकड्यांची मेडली परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकली तर ती आपोआप ओळखली जाऊन अडवली जाण्याची दाट शक्यता असते, लय बदललेली असली तरी.

शेवटची तपासणी तीन ठिकाणी करा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकू येत नाही, तिथे प्रत्येक सांधा नुसत्या टाळी आणि गायनावर टिकतो का ते पाहा. हॉलमधली बरीच यंत्रणा मोनो (डावा-उजवा आवाज एकत्र) असते, म्हणून मोनो करून ऐका. पसरट केलेलं गायन तिथे नाहीसं होत असेल तर ते मधे आणा. आणि एकदा उभं राहून, स्क्रीनकडे पाठ करून, पायाने ठेका धरत पूर्ण ऐका. पाय जिथे थांबला ती वेळ लिहून ठेवा. ती बहुतेक सांध्याच्या आदल्या बारमध्ये असते आणि तिथे उचलीचा एखादा शब्द कापला गेलेला सापडतो.